पावसाची नावं आणि वडिलांची वही

माणदेशी_वाट

नमस्कार मंडळी. हा धागा जरा लांबेल, पण गेले काही महिने डोक्यात हेच चाललंय.

दिवाळीत गावच्या घराचा माळा रिकामा केला. एका पत्र्याच्या पेटीत वडिलांच्या शेतीच्या वह्या निघाल्या. 1986 ते 2018, मधली तीन-चार वर्षं गहाळ. मी पुण्यात नोकरी करतो, दिवसभर आकड्यांतच असतो. लगेच बेत केला, की सगळं एक्सेलमध्ये चढवायचं. पाऊस कधी पडला, पेरणी कधी झाली, उतारा किती आला, असे तीन रकाने. जवळजवळ तीस वर्षांची माहिती घरात पडलेली, अजून काय पाहिजे?

पहिल्याच वहीत अडकलो. तारखा जवळजवळ नाहीतच. नोंदी अशा:

"मृग कोरडा. वरलं रान तसंच."
"आर्द्रा निघता निघता बाजरी."
"तरणा गेला वाऱ्यावर. म्हातारा दोन दिवस बरा. कोळपं घातलं."
"आसळका ऊन. वैरण विकत."
"हस्ताचा एकच दणका. ताल फुटली. चौथ्या दिवशी वाफसा, शेजारची पाभर आणून ज्वारी पेरली."

ज्यांना ही नावं माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: सूर्य एका नक्षत्रात 13-14 दिवस असतो. साधारण 7-8 जूनला मृग लागतं, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा आणि ऑक्टोबरच्या शेवटी स्वाती. पुनर्वसूचा पाऊस तो तरणा, पुष्याचा म्हातारा. आश्लेषाला आमच्याकडे आसळका म्हणतात. आणि ताल म्हणजे रानाचा बांध, वाफसा म्हणजे पेरण्याजोगी ओल, पाभर हे पेरणीचं अवजार, कोळपं हे तण काढायचं.

मी आधी नक्षत्रांच्या तारखा घालून रकाने भरायचा प्रयत्न केला. जमलं नाही, आणि का जमलं नाही ते कळायला वेळ लागला. वडील पाऊस लिहीतच नव्हते. ते काम लिहीत होते, आणि पाऊस त्या कामाच्या कडेनं येत होता. जिथं रानात करण्यासारखं काही नव्हतं तिथं बदाबदा पाऊस पडला असला तरी नोंद नाही. जिथं पेरणी अडून बसली होती तिथं नुसती भुरभुर आली तरी लिहिलेली आहे.

म्हणून विचारतो. तुमच्या भागात कोणत्या नक्षत्राला कोणतं काम बांधलेलं होतं, किंवा अजून आहे? म्हणी नकोत, त्या सगळीकडे सापडतात. काम सांगा.

---

तरवा

दादा, तुमचा "वरलं रान तसंच" वाचून पोटात तुटलं.

मी सिंधुदुर्गातली. आमचं सगळं भातावर. रोहिणीत, म्हणजे मृगाच्या आधीच्या नक्षत्रात, धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्यातच तरव्याचं (भाताच्या रोपांचं) बी टाकायचं. मिरग लागला की ते उगवतं. त्या दिवसांत मिरगाची राखण असते, शेताच्या राखणदाराला कोंबडा देतात आणि मग घरात वडे-सागोती. शहरातले चुलतभाऊ त्याला "मिरगाची पार्टी" म्हणायला लागलेत, ते मला आवडत नाही. त्या दिवशी माझे काका शेताच्या मेरेवर उभे राहून मोठ्यानं सांगणं करतात, की आता आम्ही तुझ्या अंगावर नांगर घालणार, सांभाळून घे. ते परवानगी मागणं आहे.

तरवा वीस-पंचवीस दिवसांचा झाला की लावणी. म्हणजे आर्द्राचा शेवट आणि सगळा तरणा. आता कामाचं सांगते. लावणीला एका घराची माणसं पुरत नाहीत. आज सगळे आमच्याकडे, उद्या सगळे शेजाऱ्यांकडे. ही पाळी कोणी कागदावर लिहीत नसे. "तुमचं खालचं मळं तरण्यात, आमचं वरचं म्हाताऱ्यात" एवढंच बोलणं. खालच्या मळ्यात पाणी आधी साठतं, वरच्या कुणग्यांना (लहान वाफ्यांना) जोराचा पाऊस लागतो. म्हणजे पाण्याचा क्रम तोच माणसांचा क्रम. आई अजून म्हणते, "म्हाताऱ्यात त्यांचे चार दिवस देणं आहेत."

आता पॉवर टिलर तासावर मिळतो. तो बुधवारी दहा वाजता येणार म्हणजे येणार. पाणी असो नसो, पैसे द्यायचे.

---

रोखठोक

धागा चांगला आहे, पण एक गोष्ट आधी स्पष्ट व्हावी म्हणून लिहितो. नक्षत्रावरून पाऊस कळत नाही. सूर्यामागे कोणता तारकासमूह आहे याचा ढगांशी काही संबंध नाही. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहन छापतात: बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर पाऊस भरपूर, कोल्हा, मेंढा असेल तर कमी. ते वाहन कसं काढतात? सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, 9 ने भागायचं आणि बाकी बघायची. यात वारा नाही, समुद्र नाही, काहीच नाही. असल्या भाकितावर विसंबून लोक बी मातीत घालतात आणि दुबार पेरणी करून कर्जात जातात.

26 जुलै 2005 ला मी मुंबईत होतो. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस आणि कुलाब्याला जेमतेम 73. एकच शहर, एकच नक्षत्र. पुष्य, तुमचा तो "म्हातारा". सांगा, नावानं काय कळलं?

---

माणदेशी_वाट

रोखठोक, वाहनांबद्दल पूर्ण सहमत. वडिलांच्या जवळजवळ तीस वर्षांच्या वह्यांत एकदाही वाहन लिहिलेलं नाही, हे तुमचं वाचल्यावर मुद्दाम पुन्हा चाळून पाहिलं. नक्षत्रं पानोपानी आहेत, वाहन कुठंच नाही. आमच्याकडे ते पाडव्याला देवळात वाचून दाखवायचे, लोक ऐकायचे आणि घरी यायचे. पेरणी मात्र वितीवितीनं माती उकरून, ओल कुठपर्यंत गेली ते बघून व्हायची.

भाकीत ही एक गोष्ट आणि कालगणना ही दुसरी. मला दुसरीबद्दल बोलायचंय.

---

हवामान_वाचक

मी हवामानशास्त्र शिकलो आहे, तेव्हा दोन्ही बाजूंनी थोडं.

भारतीय हवामान खात्याची स्थापना 1875 ची. मान्सूनचं पहिलं दीर्घकालीन भाकीत 1886 मध्ये खात्याचे तेव्हाचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी दिलं, हिमालयातल्या बर्फावरून. खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणूनच शिवाजीनगरच्या त्या इमारतीला जुने पुणेकर अजून "शिमला ऑफिस" म्हणतात. तेव्हापासून प्रगती प्रचंड झाली, पण हंगामी भाकीत अजूनही मुख्यतः अख्ख्या देशासाठी किंवा मोठ्या प्रदेशांसाठी सरासरीच्या टक्क्यांत येतं. जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी 87 सेंटिमीटर, तिच्या 96 ते 104 टक्के म्हणजे "सामान्य". माणदेशातल्या वरल्या रानाला त्यातून काय मिळणार? कामाचं आहे ते दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारं जिल्ह्याचं कृषी-हवामान पत्रक. ते मात्र जरूर वाचा.

आता दुसरी बाजू. शेतीच्या अभ्यासासाठी आम्ही वर्षाचे 52 हवामान-आठवडे धरतो. 23वा आठवडा म्हणजे 4 ते 10 जून. कृषी विद्यापीठांच्या शिफारशी याच आठवड्यांत असतात, अमुक पीक 26व्या आठवड्याच्या आत पेरा वगैरे. का? कारण तारीख फार बारीक आणि महिना फार ढोबळ. पाऊस आणि माती यांचा हिशेब सात-पंधरा दिवसांच्या मापात बसतो. नक्षत्र हे नेमकं त्याच मापाचं भांडं आहे, 13-14 दिवसांचं. फरक इतकाच, की "26वा आठवडा" लक्षात राहत नाही आणि "आर्द्रा" विसरता येत नाही. तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस यांत कोण उधळा आणि कोण चिकाटीचा, हे त्या शब्दातच सांगून ठेवलंय. पिढ्यान्‌पिढ्यांची सरासरी माणसाच्या स्वभावात बांधली आहे.

अर्थात सरासरी. 2005 ची ती रात्र सरासरीत कधीच दिसणार नाही, कुठल्याही पद्धतीत.

---

अयनांश

इथं एक खगोलाची गोष्ट सांगितली पाहिजे.

नक्षत्रं ताऱ्यांना बांधलेली आणि ऋतू सूर्याच्या अयनाला, म्हणजे उत्तर-दक्षिण सरकण्याला. ताऱ्यांच्या संदर्भातलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी मोठं आहे. दिसायला काहीच नाही, पण सुमारे 71 वर्षांत पूर्ण एक दिवस सरकतो. ज्ञानेश्वरी 1290 ची धरली तर तेव्हा ऋतूंच्या हिशेबात मृग आजच्यापेक्षा सुमारे 10 दिवस आधी लागायचं, म्हणजे मेच्या अखेरीस. साडेनऊशे वर्षांत तर एक अख्खं नक्षत्र सरकतं. तेव्हाच्या शेतकऱ्याला आर्द्रात जो पाऊस मिळायचा तो आपल्याला मृगात मिळतो.

म्हणजे "मृगात पेरा" हे कोणी एकदा सांगून ठेवलेलं वचन असणं शक्य नाही. तसं असतं तर आज ते उघड चुकलं असतं. कोणीही जाहीर न करता, कुठंही न लिहिता लोकांनी ही कामं पिढीगणिक थोडी थोडी सरकवत आणली आहेत. मला ही गोष्ट विलक्षण वाटते.

अवांतर: तरवाताई, तुमच्याकडे टिळक पंचांग असेल तर त्यातली नक्षत्रं इतरांपेक्षा तीन-चार दिवस आधी लागतात. त्याच कारणानं त्यात संक्रांत 10 जानेवारीला येते.

---

तरवा

हो, टिळक पंचांगच! माहेरचा मिरग आणि सासरचा मिरग वेगळा कसा, हे मला लग्नानंतर पंधरा वर्षांनी आज कळलं. सासूबाईंशी त्यावरून झालेला वाद आठवला. त्यांना आज फोन करते.

---

काळी_माती

यवतमाळ जिल्हा. कापूस, तूर, सोयाबीन.

वडील सांगतात, कापसाची धूळपेरणी रोहिणीत करायचे, मृगाच्या भरवशावर. साधलं तर कापूस पंधरा दिवस पुढे, नाही साधलं तर सरकी मातीत गेली. पण तेव्हा सरकी घरची होती. गेली तरी पोतं घरात असायचं. आता बियाण्याचं पाकीट विकत आणावं लागतं, म्हणून तो जुगार आम्ही सोडला. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं सांगतं, ते आम्ही ऐकतो. रोखठोक यांचा राग मला समजतो, दोनदा दुबार पेरणी केली आहे.

मला मांडायचं आहे ते वेगळं. सोयाबीनला नक्षत्रच नाही. हे पीक वडिलांच्या तरुणपणी आमच्याकडे नव्हतं. शंभर दिवसांचं पीक, मृगात पेरलं तर सप्टेंबरच्या शेवटी कापायला येतं. म्हणजे हस्तात. म्हणजे ज्या नक्षत्रात पाऊस भिंती पाडतो असं आजी सांगायची, नेमका त्याच वेळी आमचा माल रानात गंजी लावून पडलेला. ज्वारी-कापसाच्या काळात हस्ताचा पाऊस वरदान होता. आता ढग दिसला की ताडपत्री घेऊन धावायचं. पाऊस तोच आहे, नावही तेच आहे, पण त्याच्याशी आमचं नातं उलटं झालं. माझ्या मुलाला हस्त म्हणजे काय ते विचारलं तर तो सांगेल, "सोयाबीन भिजतं तेव्हाचा."

---

सीनाकाठ

काळी_माती, तुमचं वाचून लिहायचा धीर आला.

सप्टेंबर 2025. उत्तरा नक्षत्र. माझ्या आजोबांच्या तोंडी कायम असायचं, "न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा." आम्ही भात पिकवत नाही, पण उत्तरा पडाव्यात म्हणून दरवर्षी वाट बघायची, कारण मागून मालदांडी पेरायची असते. सोलापूर-धाराशिवची ज्वारी म्हणजे उत्तरा आणि हस्ताची ओल, काळ्या मातीनं ती धरून ठेवायची आणि थंडीत एकही पाणी न देता कणीस भरायचं.

त्या वर्षी उत्तरा अशा पडल्या की सीना नदीनं पात्र सोडलं. पीक गेलं, ते जातं कधी कधी. पण आमच्या सव्वा एकरातली माती गेली. खरवडून नेली, खाली मुरूम उघडा पडला. पाणी ओसरल्यावर आजोबा (वय 84) बांधावर उभे होते. मी म्हटलं, आबा, उत्तरा पडल्या. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "ह्या उत्तरा नव्हत्या. ह्याला नाव न्हाई."

तेव्हापासून मी यावर विचार करतोय. नाव असलेल्या पावसाचं काय करायचं ते आबांना माहीत होतं. कुठं थांबायचं, काय पेरायचं, कुणाची पाभर मागायची. ह्या पावसाला काम नव्हतं. त्याच्यासमोर करायचं काय, हे त्यांच्या चौऱ्याऐंशी वर्षांत कुठंच नव्हतं.

---

माणदेशी_वाट

सीनाकाठ, काय लिहू. तुमच्या आबांना माझा नमस्कार सांगा. मातीचं काही जमतंय का? आमच्या तालुक्यात तलावातला गाळ लोकांनी रानात टाकला होता, त्याला दोन वर्षं लागली पण ज्वारी आली. हवं असेल तर किती ट्रॉल्या लागल्या, काय खर्च आला ते वेगळ्या निरोपात कळवतो.

---

कोचीकर

नोकरीनिमित्त दहा वर्षं केरळात आहे. इथंही अगदी हीच पद्धत आहे हे कळल्यावर मी चकित झालो होतो. सूर्यनक्षत्राच्या काळाला मल्याळममध्ये ञाट्टुवेला म्हणतात. आर्द्रा म्हणजे तिरुवातिरा, आणि तिरुवातिरा ञाट्टुवेला हा मिऱ्याचे वेल लावायचा काळ. शेजारच्या बाई त्या दिवसांत कुंपणातली कुठलीही फांदी तोडून मातीत खोचतात, सगळं जगतं म्हणतात.

इथली एक प्रसिद्ध दंतकथा आहे. पोर्तुगीज मिऱ्याचे वेल आपल्या देशी न्यायला निघाले तेव्हा दरबारी घाबरले. कालिकतचा सामुतिरी राजा म्हणाला, वेल नेतील, आमची तिरुवातिरा ञाट्टुवेला थोडीच नेता येईल? दंतकथा आहे, इतिहास म्हणून सांगत नाही. पण असं बोलणं ज्यांना सुचलं त्यांना वनस्पती आणि वेळ ही एकच वस्तू वाटत असणार.

---

खिरापत

मी मिरजेची. शेती नाही, पण हस्त नक्षत्र मला पक्कं ठाऊक आहे ते हादग्यामुळे. आमच्याकडे नवरात्र बघून नाही, सूर्य हस्तात गेला की हादगा बसायचा आणि सोळा दिवस चालायचा. पाटावर हत्ती काढायचा किंवा भिंतीवर चित्र लावायचं, त्याला फळांची, भाज्यांची माळ, भोवती फेर, मग खिरापत ओळखायची. लहानपणी वाटायचं हत्ती म्हणजे गणपतीचा कोणीतरी. हस्ताचा हत्ती हे आईनं सांगितलं, आणि बाहेर गडगडाट झाला की ती म्हणायची, "बघ, सोंड आपटतोय."

आता सोसायटीत एका संध्याकाळी सोयीच्या रविवारी भोंडला होतो. मुली हौसेनं येतात, मला आनंदच वाटतो. पण त्या सोळा दिवसांत आम्ही रोज आभाळाकडे बघायचो, कारण अंगणात फेर धरायचा होता. शेतकऱ्याच्या घरात नसलेल्या मुलीलाही पाऊस बघायचं एक काम दिलेलं होतं.

---

रोखठोक

खिरापत आणि सीनाकाठ यांचे प्रतिसाद वाचून परत आलो. भाकिताबद्दल माझं मत तेच आहे. पण मी प्रश्न चुकीच्या जागी विचारला होता. "नावानं काय कळलं" असं विचारलं होतं. पाऊस कसा येईल ते नावानं कळत नाही, पण तो आल्यावर कोणी काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. मुंबईत त्या दिवशी आम्हाला तेवढंही ठरवून ठेवलेलं नव्हतं. लोक आपापसांत ठरवत गेले. अनोळखी घरात मी रात्र काढली, त्या घरच्यांनी सोळा जणांना खिचडी घातली.

एक व्यावहारिक प्रश्न: गेल्या वर्षीसारखं झालं तर काय? 2025 ला मान्सून 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत. मृग लागायला बारा दिवस बाकी. वह्यांत अशा वर्षाची नोंद आहे का?

---

माणदेशी_वाट

नाही. रोहिणीचा वळीव अनेकदा आहे, पण रोहिणीत लागून राहिलेला पाऊस या जवळजवळ तीस वर्षांत एकदाही नाही. गेल्या वर्षी आमच्या गावात नांगरट झाली होती, पण कुळवाची पाळी व्हायच्या आत रान ओलं झालं. मग पाऊस दोन आठवडे थबकला. ज्यांनी घाईनं टाकलं त्यांचं करपलं. वडिलांनी (आता ते रानात जात नाहीत, पण सांगतात) थांबायला लावलं. कारण विचारलं तर म्हणाले, "मातीवर पाय ठेव. अजून तापलेली आहे आत." मृगाच्या दुसऱ्या आठवड्यात परत पाऊस आल्यावर बाजरी टाकली. त्यांनी ना पंचांग बघितलं, ना अ‍ॅप.

एक्सेलचा बेत मी सोडलेला नाही, पण रकाने बदललेत. पहिला रकाना काम. दुसरा, ते कशासाठी अडलं होतं. तिसरा, कोणाची मदत लागली. पाऊस चौथा. नऊ वर्षं भरून झालीत. तिसऱ्या रकान्यात एकूण एकवीस वेगवेगळी माणसं आली आहेत, त्यातली सहा आता हयात नाहीत आणि आठ गावात नाहीत. हे मला तारखांच्या रकान्यातून कधीच दिसलं नसतं.

2018 नंतरची पानं कोरी आहेत. वडिलांचा हात थरथरतो म्हणून त्यांनी लिहिणं थांबवलं होतं, हे मला या निमित्तानं विचारल्यावर कळलं. गेल्या रविवारी त्यांच्याजवळ बसून त्यांच्या सांगण्यावरून पहिली ओळ मी लिहिली. त्यांनी तारीख घालू दिली नाही.

"रोहिणी लागायच्या आत ताल बांधून घ्यायची. दगड आहेत, माणसं दोन कमी."

पुढच्या शनिवार-रविवारी मी आणि धाकटा भाऊ जातोय.

---

काळी_माती

दगड खालच्या अंगाला मोठे लावा, पाणी फिरतं तिथं. आणि धागा चालू ठेवा दादा, मृगात परत येतो.